क्लासच्या दिवशी पोट दुखतं आणि रविवारी नाही, मग नाटकच ना?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा सोळा वर्षांचा, दहावीला ९३ टक्के, आता अकरावी सायन्स, इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि क्लास एकत्र) घातलाय, जेईईची तयारी. दिवाळीपासून सकाळी क्लासला निघायच्या वेळी पोट दुखतं, कधी मळमळतं, रविवारी मात्र ठणठणीत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल, काही विचारलं की खेकसतो, दार लावून घेतो, टेस्टचे मार्क घसरलेत. मिस्टर म्हणतात सगळी नाटकं आहेत, आमच्या वेळी असले लाड नव्हते. आणि तुमचे प्रश्न तीन: हे वयाचं आहे का टेन्शनचं, मोबाईल काढून घेऊ का, आणि काउन्सेलरकडे नेलं तर नातेवाईक काय म्हणतील.

मी पुण्यात बरीच वर्षं शाळा-कॉलेजच्या मुलांबरोबर काउन्सेलिंगचं काम करते, कर्वे रोडला छोटंसं सेंटर आहे, आणि तुमच्या मुलासारखी मुलं डिसेंबर-जानेवारीत हमखास येतात. म्हणजे अकरावीचं पहिलं सेमिस्टर अंगावरून गेलेलं असतं, मार्क आलेले असतात, आणि घरात सगळ्यांचाच पारा चढलेला असतो. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं पोटाचं. रविवारी दुखत नाही म्हणून ते खोटं, हा हिशोब चुकीचा आहे. उलट क्लासच्या दिवशीच दुखतं यावरून एवढंच कळतं की दुखणं कशाला तरी चिकटलेलं आहे. मेंदूला धोका जाणवला की मेंदूतले हायपोथॅलॅमस, पिट्यूटरी आणि किडनीवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी अशी साखळी चालू होते, अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात येतं, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात आणि पचनाचं काम मागे पडतं. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं मोठं जाळं असतं आणि मेंदूशी त्यांचं बोलणं सतत चालू असतं, त्यामुळे मुरडा, मळमळ, सारखं बाथरूमला जाणं हे सगळं खरंखुरं होतं, कोणी ठरवून करत नाही. त्यात कॉर्टिसॉल तसंही सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त असतं. म्हणजे सकाळी साडेसहाला, डब्याची घाई, बस चुकेल ही धास्ती, आणि आज टेस्टचा रिझल्ट लागणार, एवढं सगळं एकत्र आल्यावर पोटाने गप्प बसावं ही अपेक्षाच जास्त आहे.

तरी माझ्याकडे यायच्या आधी एकदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवाच. झोपेतून उठवणारं दुखणं, वजन उतरणं, शौचातून रक्त, ताप, सारख्या उलट्या यातलं काही असेल तर ते टेन्शनच्या खात्यावर टाकायचं नाही, आधी तपासायचं. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड या साध्या तपासण्याही डॉक्टरांना वाटलं तर करून टाका, कारण थकवा आणि चिडचिड यातूनही येते आणि आम्ही उगाच मनात शोधत बसतो. मुलींच्या बाबतीत पाळी अनियमित झालीय का हेही विचारायचं, ताण वाढला की तीही पुढेमागे होते. रिपोर्ट नॉर्मल आले की मात्र घरात "बघ, काही झालेलं नाहीये तुला" असं म्हणू नका. रिपोर्टमध्ये न दिसणारं दुखणंसुद्धा दुखतंच.

वयाचं का टेन्शनचं, तर दोन्ही. या वयात मेंदूतला भावना पेटवणारा भाग, अॅमिग्डाला वगैरे, जोरात असतो आणि थांब, विचार कर म्हणणारा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून तीच गोष्ट तुम्हाला राईएवढी आणि त्याला पर्वताएवढी वाटते आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असता. दार लावून घेणं, मित्र घरच्यांपेक्षा जवळचे वाटणं, "तुला नाही कळणार" हे वयाचं. सकाळी पोट दुखणं, झोप उडणं, आधी आवडणाऱ्या गोष्टी सुटणं, हे ताणाचं. तो आधी काय करायचा हे तुम्ही लिहिलेलं नाही. क्रिकेट, गिटार, बिल्डिंगखाली टाइमपास, जे काही असेल ते बंद झालंय का बघा. मार्कांपेक्षा मी याकडे आधी बघते.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक पालक येतात ते मुलाचे विचार बदलायला, म्हणजे "मॅडम याला जरा पॉझिटिव्ह करा, टेन्शन घेऊ नको सांगा". माझं मत अनुभवाने असं झालंय की आधी मुलाचा दिवस बघायचा, डोकं नंतर. ज्या दिवसात झोप सहा तास आहे, प्रवास दोन तास आहे आणि मोजदाद नसलेला एकही तास नाही, त्या दिवसात बसवलेल्या कुठल्याही शहाण्या माणसाचं पोट दुखेल.

मी मुलांना पहिल्या-दुसऱ्या भेटीत कोरा कागद देते आणि कालचा दिवस तासातासाने लिहायला लावते. मग त्यावर खुणा करायला सांगते, कुठल्या तासात कोणीतरी तुला मोजत होतं, मार्क, अटेंडन्स, किती चॅप्टर झाले, किती वाजले, काहीही. धनकवडीकडची एक मुलगी होती, बारावी, नीटची म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तिने सकाळी साडेपाचपासून रात्री अकरापर्यंत सगळ्या रकान्यांत फुल्या मारल्या. जेवतानाच्या रकान्यातपण फुली, कारण तेव्हा बाबा आजचा स्कोअर विचारतात. एकच रकाना रिकामा राहिला, संध्याकाळचा, स्वारगेटवरून घरी जाणारी पीएमटी. मी म्हटलं बस तर खच्चून भरलेली असते ना त्या वेळेला. ती म्हणाली, "हो मॅम, पण तिथे कोणी काही विचारत नाही. मी एकदोन बस मुद्दाम सोडते." घरी याच गोष्टीवरून रोज भांडण होतं, की सुटल्यावर एवढा वेळ लागतोच कसा, नक्की कोणीतरी मुलगा असणार. मुलगा बिलगा कोणी नव्हता. पोरगी बसस्टॉपवर उभी राहून अर्धा तास श्वास घेत होती.

तिच्या आईने तो कागद बघितला आणि नीटची पुस्तकं काही कमी केली नाहीत, पण दोन गोष्टी केल्या. जेवणाच्या ताटावर स्कोअर विचारणं बंद, आणि संध्याकाळी घरी आल्यावर पाऊण तास तिला कोणी हाक मारायची नाही. एवढ्याने सगळं जादूसारखं सुटलं असं नाही, पण डोकेदुखीच्या गोळ्या बऱ्याच कमी झाल्या आणि बस सोडणं आपोआप थांबलं.

तुम्ही हा कागद घरी करू शकता. मात्र तपासणी म्हणून नको, तुम्ही स्वतःचाही दिवस लिहा आणि दोघं समोरासमोर बसा. आई पहाटे पाचपासून राबते हे पोरांना पहिल्यांदा कागदावर दिसतं, तेही चांगलंच.

झोपेवर जरा थांबून बोलू, कारण मोबाईलचं उत्तर इथेच आहे. वयात आलं की मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, साधारण एक ते दोन तास उशिरा स्रवायला लागतं. म्हणून सोळा वर्षांच्या पोराला रात्री दहाला झोप येत नाही, त्यात शिस्तीचा प्रश्न नसतो. आणि १३ ते १८ वयाला लागते ८ ते १० तास झोप. आता तुमचाच हिशोब करा, त्याला पावणेसहाला उठायचंय म्हणजे आठ तासांसाठी पावणेदहाला डोळा लागायला हवा, जे त्याच्या शरीराला जमणारं नाही. आपल्याकडे २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, लहानग्यांसाठी चांगलंच झालं, पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलेलं असतं ती अकरावी-बारावीची मुलं सातच्या बॅचला कुडकुडत दुचाकीवरून जाताना दिसतात. यावर कोणी बोलत नाही.

झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी अॅमिग्डाला जास्त भडकतो आणि शिकलेलं पक्कं व्हायचं काम, जे झोपेतच होतं, ते अर्धवट राहतं. म्हणजे रात्री एकपर्यंत जागून सोडवलेली रोटेशनल मोशनची गणितं सकाळी टेस्टमध्ये आठवत नाहीत, मार्क पडतात, मग अजून जागायचं. हे चक्र असंच फिरत राहतं आणि घरच्यांना वाटतं मुलगा मेहनत कमी करतोय.

मोबाईल काढून घेऊ का, तर हिसकावून घेऊ नका. दोन वाजेपर्यंत तो काय बघतो हा प्रश्न आहेच, पण दिवसभरात स्वतःचा म्हणावा असा वेळ त्याला फक्त रात्री मिळतोय, आणि तो वेळ तो झोपेच्या किमतीत विकत घेतोय. त्याचे शाळेतले मित्र वेगवेगळ्या कॉलेजांत विखुरले, इंटिग्रेटेडमध्ये कट्टा नाही, गॅदरिंग नाही, मग मित्र उरले कुठे तर त्या फोनमध्ये. तो एक धागाही तोडलात तर पोरगा आतल्या आत कोंडेल किंवा दुसरा फोन पैदा करेल, दोन्ही मी बघितलंय. त्यापेक्षा असं करा, हॉलमध्ये एक चार्जिंगची जागा ठरवा, रात्री अकराला घरातले सगळे फोन तिथे. सगळे म्हणजे सगळे, मिस्टरांचाही, ऑफिसचे मेल आहेत वगैरे कारणं चालणार नाहीत. इथेच बहुतेक घरांचं घोडं अडतं. उठायला साधं गजराचं घड्याळ आणा, म्हणजे "अलार्मसाठी लागतो" हे संपेल. आणि त्या बदल्यात संध्याकाळी त्याला अर्धा-पाऊण तास उघड उघड, कोणी डोकावणार नाही असा मोबाईलचा वेळ द्या, मित्रांशी गेम खेळू दे. दिवसा मिळालं की रात्री चोरावं लागत नाही. लगेच अकरा जमणार नाही, दीड, एक, साडेबारा असं दर आठवड्याला अलीकडे आणा. संध्याकाळी सहानंतर कॉफी आणि एनर्जी ड्रिंक बंद, कॅफीनचा निम्मा भाग पाच-एक तासांनीही अंगात असतो. रविवारी दुपारी बारापर्यंत लोळणंही फार नको, एखाददीड तास जास्त ठीक आहे, नाहीतर सोमवारी सकाळी पोट परत सुरू.

आता क्लास. मी क्लासच्या विरोधात नाहीये, पण इंटिग्रेटेडमध्ये नेमकं काय होतं ते पालकांनी डोळे उघडून बघावं. कॉलेज फक्त कागदावर असतं, दिवस सगळा क्लासमध्ये. शासनाने २०१८ मध्ये सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली ती याच साटंलोट्यामुळे, तरी प्रकार काही संपला नाही. दहावीत वर्गात पहिल्या पाचात असणारा मुलगा इथे अशा बॅचमध्ये बसतो जिथे सगळेच नव्वदच्या वरचे. कोणीतरी पन्नासावा येणारच, आणि जो येतो त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटतं की आपण ढ आहोत. शिवाय दहावी ते अकरावी ही उडीच मोठी आहे, पाठ करून ९३ मिळवणाऱ्याला इथे पहिले सहा महिने काही झेपत नाही. हे जवळपास सगळ्यांचं होतं, पण क्लासमध्ये हे कोणी कोणाला सांगत नाही, जो तो मूग गिळून बसतो.

रँकप्रमाणे बॅचेस पाडायच्या, दर टेस्टनंतर लिस्ट पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची, हे तुमच्याकडेही चालत असेलच. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात स्पष्ट आहे की मार्कांवरून बॅचेस वेगळ्या पाडणं, चारचौघांत पाणउतारा करणं आणि झेपणार नाहीत अशी टार्गेट देणं शक्यतो टाळावं, आणि हे कोचिंग क्लासनाही लागू आहे. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे काउन्सेलर नेमायचाही त्यात उल्लेख आहे. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी नियमावली काढली तिच्यातही हा विषय होता. तुम्ही एकट्या जाऊन भांडा असं म्हणत नाही, पण चार-पाच पालक मिळून "लिस्ट ग्रुपवर टाकू नका, ज्याचे मार्क त्याला पाठवा" एवढं नक्की सांगू शकता. मी ओळखते अशा काही पालकांनी सांगितलं आणि क्लासने ऐकलंही, कारण त्यांनाही अॅडमिशन टिकवायच्या असतात.

आणि अजून एक, जेईई म्हणजे जगबुडी नाही हे तुम्हाला माहिती असून उपयोग नाही, त्याला माहिती पाहिजे, तेही आकड्यांत. "सगळं नीट होईल रे" याने कोणाचं पोट थांबत नाही. बसून त्याला दाखवा, जेईई मेन वर्षातून दोनदा होते, जानेवारी आणि एप्रिल, दोन्हीतला चांगला स्कोअर धरतात. एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, तिला अकरावीचा भाग साधारण २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही. सीओईपी, पीआयसीटी, व्हीआयटी या पुण्यातल्याच कॉलेजांच्या बऱ्याचशा जागा सीईटीवर भरतात. ज्या मुलाला माहिती असतं की एक दरवाजा बंद झाला तर पलीकडे कुठला आहे आणि त्याला काय लागतं, तो पेपरला कमी घाबरतो. बऱ्याच मुलांना अकरावीत हे धड माहितीच नसतं, क्लासने फक्त आयआयटीचे फोटो लावलेले असतात.

घरी काय बोलायचं. दिवसभरात त्याच्याशी तुमची किती वाक्यं अभ्यास, वेळ, मोबाईल, जेवण यावर होतात ते एक दिवस मनातल्या मनात मोजा. यात तुम्हाला दोष देत नाहीये, मीही आई आहे. पण मुलांना आईचा चेहरा दिसला की आता "झालं का?" येणार हे कळतं आणि ती आधीच शिंगं उगारून बसतात. समोरासमोर बसवून "बोल, काय प्रॉब्लेम आहे तुझा" केलं तर तोंडाला कुलूप. या वयाची मुलं शेजारी शेजारी असताना बोलतात, गाडीवर मागे बसून, भाजी निवडताना, रात्री दूध आणायला गेल्यावर. तेव्हाही प्रश्न कमी. "आज फार दमलेला दिसतोस" म्हणायचं आणि गप्प बसायचं, ती शांतता आपल्याला खायला उठते पण थांबायचं. समजा तो म्हणाला "मला नाही जमणार फिजिक्स", तर आपल्या तोंडून लगेच निघतं, "असं कसं नाही जमणार, दहावीत सायन्सला ९६ होते तुला". संपलं, पुढचं तो बोलणार नाही. त्याऐवजी "कुठल्या चॅप्टरपासून असं वाटायला लागलं?" विचारा. इथे काहीतरी धरायला मिळतं, त्यालाही आणि तुम्हालाही.

मिस्टरांना एवढंच सांगा की आमच्या वेळी वगैरे खरं आहे, तुम्ही कष्ट काढलेत, पण तुमच्या वेळी रिझल्ट वर्षातून दोनदा यायचा आणि शेजारच्याला पेढे दिले की विषय संपायचा. याचा दर पंधरा दिवसाला येतो आणि वडिलांच्या मोबाईलवर याच्या आधी पोचतो. हे मी बऱ्याच वडिलांना सांगते आणि बरेच जण जरा विचारात पडतात.

त्याने स्वतः काय करायचं ते आता. श्वासाचं एक तंत्र शिकवा, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. उच्छ्वास लांबला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाचा वेग खाली येतो, म्हणून याने फरक पडतो. पण सराव बरं असताना करायचा, रोज झोपताना, ऐन पेपरच्या आधी पहिल्यांदा केलं तर काही होत नाही आणि मग मुलं म्हणतात फालतू आहे. व्यायाम तर पाहिजेच, पण "जिम लाव" वगैरे नको, आठवड्यातून तीन-चारदा घाम येईल असं काहीही. आपल्या पुण्याला टेकड्या फुकट मिळाल्यात, तळजाई, वेताळ, हनुमान टेकडी, जी जवळ असेल तिथे एखाद्या मित्राबरोबर जाऊ दे आणि येताना भुर्जीपाव खाऊन आला तर ओरडू नका.

अभ्यासाची पद्धत बदलली तरी ताण उतरतो, हे मानसशास्त्रवाले कमी सांगतात. तेच तेच वाचत बसण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणं जास्त टिकतं, रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा अभ्यास यावर प्रसिद्ध आहे. वाचत राहिलं की येतंय असं वाटत राहतं आणि टेस्टमध्ये फसगत होते, ती फसगतच मुलांना जास्त घाबरवते. आणि थोडी भीती चांगली असते हेही सांगा. येर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं की फार कमी ताणात काम ढिलं होतं आणि अवघड काम फार ताणात बिघडतं, मधे कुठेतरी बरं चालतं. छातीत थोडं धडधडलं म्हणजे आपलं काही बिनसलंय असं नसतं, हे कळलं तरी निम्मी मुलं सैल होतात.

एक विषयांतर करते. हे सगळं मी स्वतःची खोली असलेल्या मुलांबद्दल बोलतेय. जनता वसाहतीतली किंवा येरवड्याची दहा बाय दहाच्या घरातली मुलंही माझ्याकडे येतात, एका संस्थेमार्फत. त्यांना दार लावून घ्यायला दारच नसतं. सकाळी पेपर टाकायचा, दुपारी कॉलेज, संध्याकाळी कुठेतरी डिलिव्हरी, आणि घरात वडील पिऊन आले तर ती रात्र गेली. त्या मुलांना "झोप पूर्ण घे" सांगताना माझीच जीभ अडखळते. तिथे आम्ही श्वास-बिस बाजूला ठेवून आधी अभ्यासिकेत जागा मिळवून देतो, रात्री नीट झोपता येईल असं मावशीचं, आजीचं घर शोधतो. दहा ते एकोणीस वयातल्या दर सातातल्या एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तो सातवा कोण हे पेठ बघून ठरत नाही.

आता थोडं गंभीर, आणि हे वगळू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त सतत उदास किंवा सतत चिडका, जेवण-झोप पार बिघडलेली, मित्रांनाही टाळतोय, भर उन्हाळ्यात फुल बाह्या घालतोय (हातावरच्या जखमा लपवायला असू शकतं), आवडत्या वस्तू वाटून टाकतोय, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं गमतीत का होईना बोलतोय, दारू, व्हेप, असलं काही चालू झालंय, यातलं काही दिसलं तर नेक्स्ट टेस्ट होऊ दे मग बघू असं करायचं नाही. आणि विचारायचं, सरळ शब्दांत, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही, हे संशोधनात वारंवार दिसलंय, उलट मुलाला सुटल्यासारखं होतं की कोणीतरी शेवटी विचारलं. तो "हो" म्हणाला तर रडारड, शपथा, देवघरापुढे उभं करणं यातलं काही नको. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या, ढेकणाचं औषध वगैरे कुलपात टाका आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो. जिवाला लगेच धोका असेल तर ११२ किंवा थेट जवळचं हॉस्पिटल. दहावी-बारावीच्या रिझल्टच्या दिवशी तर मुलाला घरी एकटं ठेवूच नका, मार्क कितीही अपेक्षित असू देत.

तुमच्या वर्णनावरून मुलगा त्या टोकाला वाटत नाही, पण मी त्याला बघितलेलं नाही, म्हणून प्रश्न विचारून घ्या.

काउन्सेलरकडे न्यायचं का, तर झोप आणि वरचे बदल तीन-चार आठवडे करून बघा, पोट तसंच राहिलं किंवा क्लास बुडायला लागला तर न्या. जाताना "तुला दाखवायचंय" म्हणू नका, "घरात आपलं सारखं वाजतंय, आपण तिघं कोणाशी तरी बोलू" असं म्हणा, ते खरंही आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमडी किंवा डीपीएम (मानसोपचाराचा डिप्लोमा) झालेले डॉक्टर, म्हणून ते गोळ्या देऊ शकतात. क्लिनिकल सायकोलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, त्यांचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन असतं, ते विचारायला लाजू नका. आठवड्याच्या कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून बसलेले लोकही आहेत गावात. खर्चाचा प्रश्न असेल तर ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे, गर्दी असते, सकाळी लवकर जा.

पहिल्या भेटीत मी तरी निम्मा वेळ मुलाशी एकट्याशी बोलते आणि त्याच्यासमोरच पालकांना सांगते की तो जे बोलेल ते तुम्हाला कळणार नाही, त्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा त्याच्यावर अत्याचार होत असेल तर मात्र गप्प बसता येत नाही, कायद्यानेही नाही. काही आया इथे नाराज होतात, बाहेर आल्यावर "काय म्हणाला हो?" विचारतातच. गोळ्या बहुतेक मुलांना लागत नाहीत, बोलण्यावर आणि दिवस बदलण्यावर भागतं. लागल्या तर त्या डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने अर्ध्यात बंद करायच्या नाहीत.

नातेवाईकांचं काय, तर त्यांना सांगायचंच कशाला. कोणी विचारलंच तर "पोटाच्या तक्रारीसाठी ट्रीटमेंट चालू आहे" म्हणा, यात एक शब्द खोटा नाही. मिस्टर यायला तयार नसतील तर पहिल्या वेळी तुम्ही आणि मुलगा या, दुसऱ्या वेळी मुलालाच विचारू की बाबांना बोलवायचं का, आणि तो हो म्हणाला तर फोन मी करते. शनिवारी दुपारची वेळ बघा शक्यतो, तेव्हा टेस्ट नसते ना त्याची?